सैतान, नीत्शे आणि नोटोडेनचा गिटारवादक

विषयाचं नाव वाचून काही जणांच्या कपाळावर आठ्या पडल्या, त्या मला इथून दिसतायत. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक आणि ब्लॅक मेटल, हे काय गौडबंगाल? तर आधीच सांगून टाकतो. हे संगीत मी आनंदासाठी ऐकत नाही. सत्तरी ओलांडलेल्या कानांना ते सोसतही नाही, फार फार तर वीस मिनिटं. पण आयुष्यभर मी वर्गात नीत्शे शिकवला. नीत्शेचं नाव घेऊन विसाव्या शतकात ज्यांनी ज्यांनी काही केलं, त्यांचा हिशेब ठेवणं ही आमच्यासारख्यांवर आलेली जबाबदारीच आहे. त्या हिशेबाच्या वहीत नॉर्वेच्या एका गिटारवादकाचं पान मला विलक्षण वाटतं. त्याचं नाव वेगार्ड स्वेर्रे ट्वेटान, जन्म १० ऑक्टोबर १९७५. जगात तो ओळखला जातो ‘इहसान’ या नावानं. ‘एम्परर’ या बँडचा गायक, गिटारवादक आणि मुख्य रचनाकारांपैकी एक.

सुरुवात त्याच्या गावापासून करू. नॉर्वेच्या दक्षिण भागात टेलेमार्क नावाचा प्रांत आहे आणि त्यात नोटोडेन नावाचं गाव. वस्ती तेरा-एक हजारांची. पण औद्योगिक इतिहासात या गावाचं नाव मोठं आहे. १९०५ साली नोर्स्क हीड्रो ही कंपनी स्थापन झाली आणि क्रिस्तियान बिर्कलँड व साम आइड या दोघांच्या पद्धतीनं इथे चक्क हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवायला सुरुवात झाली. धबधब्याची वीज, विजेची ठिणगी आणि हवा, एवढ्या भांडवलावर! पुढे कारखान्याचं काम हळूहळू इतरत्र गेलं, गाव ओस पडलं नाही पण ओशाळलं. २०१५ मध्ये युनेस्कोनं र्‍यूकान आणि नोटोडेनचा हा औद्योगिक वारसा जागतिक यादीत घेतला. गावाजवळच हेड्डालचं लाकडी स्टाव्ह चर्च आहे, तेराव्या शतकातलं, आजही उभी असलेली जी थोडी स्टाव्ह चर्चेस आहेत त्यांतलं सर्वांत मोठं. हे चर्च ध्यानात ठेवा.

आणि याच गावात १९८८ पासून दर वर्षी ब्लूज संगीताचा महोत्सव भरतो. नोटोडेनचं भगिनी-शहर कोणतं? अमेरिकेतल्या मिसिसिपीचं क्लार्क्सडेल. ज्या परिसरात चौकात मध्यरात्री सैतानाला आत्मा विकून गिटार शिकल्याची रॉबर्ट जॉन्सनची दंतकथा सांगतात, तेच क्लार्क्सडेल. ही जोडी मला भारी आवडते, कारण टेलेमार्कला सैतान मिसिसिपीहून आयात करावा लागलेला नाही. तो तिथे आधीपासून होता, आणि वाद्य वाजवत होता.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण ब्लॅक मेटलवर लिहिणारी मंडळी इथे सहसा थांबत नाहीत. टेलेमार्कचं लोकवाद्य म्हणजे हार्डांगर फिडल. दिसायला व्हायोलिन, पण मुख्य तारांच्या खाली आणखी चार-पाच तारा असतात. त्यांना हात लावायचा नाही, त्या आपोआप झंकारतात. आपल्या सारंगीच्या तरफा आठवा, म्हणजे कल्पना येईल. एकोणिसाव्या शतकात तिथे कडव्या धार्मिक पुनरुज्जीवनाची लाट आली. या मंडळींच्या मते हे वाद्य सैतानाचं. कारण ते लग्नात वाजतं, लग्नात लोक पितात, नाचतात, मारामाऱ्या करतात. फिडली फोडल्या गेल्या, जाळल्या गेल्या, काहींनी माळ्यावर लपवल्या. त्या काळचा सर्वांत नावाजलेला वादक होता तोर्गेइर आउगुंडसन, लोकांत ‘म्युलार्गुट्टेन’, म्हणजे गिरणीवाल्याचा पोरगा. त्यानंही सैतानाशी सौदा केला अशी वदंता होती. १८४९ साली ओले बुल या प्रसिद्ध व्हायोलिनवादकानं त्याला राजधानीत नेऊन त्याची मैफल घडवून आणली. त्याच्या परंपरेतला टेलेमार्कच्याच टिन्न भागातला कनुट डाले याच्याकडच्या चिजा योहान हाल्वोर्सननं १९०१ मध्ये लिहून घेतल्या, आणि त्यांवरून एडवर्ड ग्रीगनं पियानोसाठी आपली बहात्तराव्या क्रमांकाची रचना बांधली. म्हणजे सैतानाचं म्हणून जे जाळलं, तेच पन्नास वर्षांनी राष्ट्राचं भूषण झालं. हेही ध्यानात ठेवा, ग्रीगचं नाव थोड्या वेळानं पुन्हा येणार आहे.

आता आपला मुलगा. लहानपणी आधी पियानो, मग गिटार. आयर्न मेडनचा भक्त. १९८९ च्या सुमारास तरुणांसाठीच्या एका रॉक शिबिरात त्याची गाठ तोमास हाउगेन या मुलाशी पडली. पुढे तोमासनं आपलं नाव उलटं करून ‘सामोथ’ असं घेतलं. दोघांनी दोन-तीन बँड काढले, मोडले, आणि १९९१ मध्ये ‘एम्परर’ उभा केला. इहसान तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचा.

ब्लॅक मेटल म्हणजे नेमकं काय, हे न ऐकलेल्यांना दोन वाक्यांत सांगतो. गिटारची तार इतक्या वेगानं आणि सलग छेडतात की सुटे स्वर ऐकू येत नाहीत, स्वरांची एक भिंत उभी राहते. सतारीचा झाला मनात आणा, पण विश्रांती काढून टाका. ढोलांचा वेगही तसाच, आणि गाणं म्हणजे घसा फाडून केलेली किंकाळी. ध्वनिमुद्रण मुद्दाम ओबडधोबड ठेवायचं ही तिथली रीत, अगदी दारिद्र्याचं व्रत घेतल्यासारखी. एम्पररनं हे व्रत पाळलं नाही. त्यांनी किंकाळीच्या मागे सिंथेसायझरवर वाद्यवृंद उभा केला. किंकाळी आणि सिंफनी यांचा हा संसार पुढे हजारो बँडांनी मांडला, पण त्यातली वाक्यरचना मुख्यतः नोटोडेनच्या या पोराची.

त्या काळात या मुलांचा अड्डा होता ओस्लोत, ओय्स्टाइन ऑर्सेथ ऊर्फ ‘युरोनिमस’ याच्या दुकानात. दुकानाचं नाव ‘हेल्वेटे’, म्हणजे नरक. ‘मेहेम’ बँडचा हा गिटारवादक त्या टोळक्याचा म्होरक्या. आणि मग जे घडलं ते कुप्रसिद्ध आहे, म्हणून भराभर सांगतो. ६ जून १९९२ रोजी बर्गनजवळचं फान्टोफ्टचं स्टाव्ह चर्च जळालं. मग एकामागून एक चर्चेस. सामोथनं वार्ग विकेर्नेसबरोबर शोल्ड इथलं चर्च जाळलं. ऑगस्ट १९९२ मध्ये लिलेहामरच्या उद्यानात एम्पररचा ढोलवादक बोर्ड आइथुन, टोपणनाव ‘फाउस्ट’, यानं एका समलिंगी पुरुषाला भोसकून ठार मारलं. कसलंही वैर नाही, ओळख नाही. वर्षभर पोलिसांना पत्ता नाही. टोळक्यातल्या प्रमुखांना मात्र ठाऊक होतं. १० ऑगस्ट १९९३ ला विकेर्नेसनं युरोनिमसचा खून केला, आणि त्या तपासात बाकीचं सगळं उघडं पडलं.

लोक याला ‘धर्माविरुद्धचं बंड’ म्हणतात. मला ते पटत नाही. नॉर्वेत त्या वेळी ल्युथरन चर्च हा राज्याचाच एक भाग होता, आणि २०१२ च्या घटनादुरुस्तीपर्यंत राहिला. बहुसंख्य लोक चर्चचे सभासद होते, पण पाऊल टाकायचे ते बारसं, लग्न आणि मयताला. पाद्री म्हणजे जवळपास सरकारी नोकर. अशा ठिकाणी देव कुणाला छळत नव्हता, फार तर कंटाळा आणत होता. नीत्शेचा वेडा माणूस भर बाजारात कंदील घेऊन देव मेल्याचं सांगतो, तो परिच्छेद आठवा, १८८२ चा. तो ते कुणाला सांगतो? आस्तिकांना नाही. तो सांगतो नास्तिकांना, जे त्याला हसत असतात. त्याचं म्हणणं असं की तुम्हाला वाटतं तेवढं हे स्वस्त नाही, यानंतर उभं कशाच्या आधारावर राहणार ते सांगा. फान्टोफ्ट जाळणाऱ्यांनी हा प्रश्न ऐकलाच नाही. जाळायला जावं लागतं याचाच अर्थ त्यांच्या मनात देव शिल्लक होता, आणि तोही बराच धट्टाकट्टा.

आता तारखा जुळवून पाहा. जुलै १९९३. बर्गनच्या ग्रीगहालेनमध्ये, म्हणजे ग्रीगच्या नावानं बांधलेल्या, बर्गन फिलहार्मोनिकच्या सभागृहातल्या ध्वनिमुद्रण कक्षात, एम्पररची पहिली पूर्ण रेकॉर्ड चालू आहे: ‘इन द नाइटसाइड एक्लिप्स’. तंत्रज्ञ आयरिक हुंडविन, सगळे त्याला ‘पिट्टेन’ म्हणतात. त्या काळातल्या कितीतरी महत्त्वाच्या रेकॉर्ड त्याच्याच हातून गेल्या. टेलेमार्कची सैतानी फिडल ज्या ग्रीगनं पियानोवर आणली, त्याच्याच घरात टेलेमार्कची पोरं सैतानाला घेऊन आलीयत. इहसानचं वय सतरा. ढोलावर बसलेला माणूस खुनी आहे. शेजारचा गिटारवादक आग लावून आलेला आहे. बास वाजवणारा त्चोर्त, तोही लवकरच मारहाणीसारख्या गुन्ह्यांत अडकणार आहे. पुढच्या वर्ष-दीड वर्षात तिघेही एकेक करून तुरुंगात गेले. फाउस्टला चौदा वर्षं, सामोथला सोळा महिने, त्चोर्तला त्याच्या वाट्याचं. रेकॉर्डच्या चौघांपैकी बाहेर राहिला एकटा इहसान.

मी ही रेकॉर्ड तीनदा ऐकली, तुकड्यातुकड्यानं. पहिल्यांदा फक्त गोंगाट. दुसऱ्यांदा लक्षात आलं की गोंगाटाच्या आत लांब, संथ, जवळजवळ प्रार्थनेसारख्या स्वरावली आहेत. ढोल धावतायत, पण स्वर धावत नाहीत. थंडी, रात्र, जंगल, डोंगर. त्यात माणूस दिसतच नाही. सतरा वर्षांच्या मुलाच्या कल्पनेत माणूस नसणं हे मला आधी भव्य वाटलं, मग भीतिदायक. लिलेहामरच्या उद्यानातला तो मनुष्य, मारणाऱ्याच्या लेखी, माणूस नव्हताच ना! मी असं म्हणत नाही की संगीतानं खून घडवला. तसं म्हणणं सोपं आहे आणि खोटं आहे. तेच स्वर रचणाऱ्या हातांनी सुरा उचललेला नाही. पण माणूस वगळून उभ्या केलेल्या भव्यतेत राहायला जाणाऱ्यानं दाराची कडी कुठे आहे ते पाहून ठेवावं, एवढं मात्र मी म्हणेन.

इहसाननं पुढे काय केलं? त्यानं काम केलं. ऐकायला हे फार साधं वाटतं. सामोथ सुटून आला, ढोलावर ‘एन्स्लेव्हड’ बँडचा ट्रिम आला, आणि १९९७ मध्ये ‘अँथम्स टू द वेल्किन अॅट डस्क’ निघाली. पुन्हा ग्रीगहालेन. हिची वीण इतकी दाट आहे की जाणकारांमध्ये अजून वाद चालतो, पहिली थोर की दुसरी. १९९९ मध्ये ‘नाइन इक्विलिब्रियम’, आणि २००१ मध्ये शेवटची ‘प्रोमीथियस’. या शेवटच्या रेकॉर्डचं सगळं संगीत एकट्या इहसानचं. सामोथ आणि ट्रिम यांना वेगळं, अधिक थेट काही हवं होतं, त्यांनी ‘झिक्लॉन’ काढला. बँड थांबला. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. लोकप्रियता चढती असताना दुकान बंद करणं हे त्या धंद्यात दुर्मीळच.

‘प्रोमीथियस’च्या पूर्ण नावात आगीबरोबर शिस्तीचा शब्द आहे, हे माझ्या नजरेतून सुटत नाही. त्या पिढीनं आग म्हणजे काडेपेटी समजली होती. प्रोमीथियसची आग देवांकडून चोरलेली, पण ती माणसांच्या हातात भट्टी होते, चूल होते, आणि चोरणाऱ्याला त्याची किंमत रोज मोजावी लागते.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. ब्लॅक मेटलवाल्यांचा दावा असा की त्यांचा सैतान म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्याचं प्रतीक. कळपाविरुद्ध एकटा उभा राहिलेला. ठीक. पण हा दावा करणारे सगळे सारखेच काळे कपडे घालतात, तोंडाला सारखाच पांढरा-काळा रंग फासतात, कोण ‘खरा’ आणि कोण ‘खोटा’ याच्या याद्या करतात. हा कळपाविरुद्धचा कळप झाला! झरथुष्ट्र आपल्या शिष्यांना काय सांगतो? मला सोडून जा, माझ्यापासून सावध राहा. कायम शिष्यच राहणारा गुरूचे पांग फेडत नाही, अशा अर्थाचं. त्या टोळक्यात नीत्शेचं नाव घेणारे बरेच होते. हा सल्ला मनावर घेतलेला मला तरी तिथे इहसानच ठळक दिसतो.

त्याच्या रेकॉर्डची नावंच पाहा. पत्नी हाइडी हिच्याबरोबर त्यानं ‘पेकाटुम’ नावाचा प्रकल्प चालवला. त्यात २००० साली एक रेकॉर्ड आली ‘आमोर फाती’, म्हणजे नियतीवर प्रेम, नीत्शेचा अगदी गाभ्यातला शब्द. मग स्वतःच्या नावावर त्रयी: २००६ मध्ये ‘द अॅडव्हर्सरी’, २००८ मध्ये ‘एंजल’ आणि २०१० मध्ये ‘आफ्टर’. अॅडव्हर्सरी म्हणजे विरोधक. हिब्रू भाषेत ‘सातान’ या शब्दाचा मूळ अर्थ तोच. ईयोबाच्या पुस्तकात तो शिंगंवाला राक्षस नाही, देवाच्या दरबारातला आरोप ठेवणारा वकील आहे. म्हणजे या माणसानं सैतान टाकून दिला नाही, त्याला कोशात नेऊन त्याचा अर्थ पाहिला. ‘आफ्टर’मध्ये आठ तारांची गिटार आणि योर्गन मुंकेबीचा सॅक्सोफोन. ब्लॅक मेटलमध्ये सॅक्सोफोन! आपल्याकडे सोवळ्यात कांदा चिरावा तसं ते होतं. २०१३ मध्ये ‘दास झेलेनब्रेशन’, आत्म्याला मोडणं. हा शब्दही नीत्शेकडूनच उचललेला. ही सगळ्यांत अवघड रेकॉर्ड, अर्धी अधिक तर उत्स्फूर्त. मला तीच जवळची वाटली, बहुधा तिच्यात डोंगर कमी आणि माणूस जास्त आहे म्हणून.

आणि राहायला कुठे? नोटोडेनलाच. तिथल्या संगीतशाळेत त्यानं मुलांना गिटार शिकवली. ‘लेप्रस’ हा नोटोडेनचा बँड आज युरोपभर गाजतोय, त्यातली पोरं त्याच्या शिकवणीतली. त्यांचा गायक त्याचा मेहुणाच. पुढे हाच बँड मंचावर त्याला साथ करत असे. दुपारी शाळेत जाऊन दहा वर्षांच्या मुलाची बोटं तारेवर नीट ठेवून देणारा माणूस, ज्याच्या नावानं जगभरची पोरं तोंडाला रंग फासतात. माझा निम्मा जन्म शिकवण्यात गेला, त्यामुळे मी इथे पक्षपाती असेन. असू दे.

पण याला संतचरित्र करू नका. एक गाठ उरतेच. एम्परर २००५ नंतर अधूनमधून मैफलींसाठी एकत्र येत राहिला. २०१४ मध्ये पहिल्या रेकॉर्डची वीस वर्षं म्हणून ती पूर्ण वाजवायची ठरली, जर्मनीच्या वाकेन महोत्सवासारख्या ठिकाणी. आणि ढोलावर कोण? फाउस्ट. तो नऊ वर्षांहून थोडी अधिक शिक्षा भोगून केव्हाच सुटला होता. नॉर्वेचा कायदा म्हणतो, शिक्षा संपली की माणूस परत आला. हे तत्त्व मला मान्य आहे, नुसतं मान्य नाही, प्रिय आहे. जन्मभर कपाळावर डाग देणारी न्यायव्यवस्था मला नको. पण नागरिक म्हणून परत येणं वेगळं, आणि त्याच रात्रींच्या त्याच गाण्यांच्या उत्सवात, हजारो लोकांच्या जयघोषात, त्याच आसनावर परत येणं वेगळं. काम मिळण्याचा हक्क त्याला होता. टाळ्यांचा हक्क कुणालाच नसतो. मेलेल्या माणसासाठी त्या मंचावर जागा नव्हती. कुणी म्हणेल, ती रेकॉर्ड वाजवलेलीच त्यानं, दुसऱ्याला बसवणं म्हणजे इतिहास रंगवून काढणं. हा युक्तिवाद कच्चा नाही, मी तो बरेच दिवस मनात घोळवला. तरीही माझं मत असं की इथे निवड करायची मुभा होती, आणि ती इहसान आणि सामोथ यांच्या हातात होती. इतरत्र इतका सावध असणारा माणूस इथे मित्राच्या बाजूनं उभा राहिला. मैत्री म्हणून ते समजतं. न्याय्य होतं असं मी म्हणणार नाही. नंतरच्या दौऱ्यांत ढोलावर पुन्हा ट्रिम आला.

अलीकडचं थोडं सांगून थांबतो. २०२० मध्ये त्यानं दोन छोट्या रेकॉर्ड काढल्या. पहिलीचं नाव ‘टेलेमार्क’. तीन नव्या गाण्यांचे शब्द नॉर्वेजियन. जगभर इंग्रजीत गाऊन झाल्यावर पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर तो घरच्या बोलीकडे वळला. सोबत आयर्न मेडनचं एक गाणं, लहानपणचं देणं फेडल्यासारखं. दुसरी ‘फारोस’, तिच्यात आ-हा या नॉर्वेच्या पॉप बँडचं गाणं, किंकाळीचा मागमूस नाही. आणि २०२४ मध्ये नुसत्या ‘इहसान’ नावाची रेकॉर्ड आली, तिची दोन रूपं. एकात गिटार, ढोल, किंकाळी आणि वाद्यवृंद. दुसऱ्यात तोच मजकूर निव्वळ वाद्यवृंदासाठी, कारण वाद्यवृंदाचा भाग त्यानं असा लिहिला की गिटार काढून घेतली तरी तो स्वतःच्या पायावर उभा राहावा. जेरी गोल्डस्मिथ, बर्नार्ड हरमन यांच्या चित्रपटसंगीताचा अभ्यास त्यात स्वच्छ ऐकू येतो. नव्यांनी हे दुसरं रूप आधी ऐकावं. माझ्या वयाच्या मंडळींनी तर तेच ऐकावं, वीस मिनिटांची अट नाही.

हेड्डालचं चर्च लक्षात ठेवायला सांगितलं होतं. त्याला कुणी हात लावला नाही. उन्हाळ्यात तिथे अजून लग्नं लागतात.

पाणी घेतो, मग प्रश्न घेऊ.